सॅलडवरचा कोळसा

भुताखेतांचे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एकीनं चहा गाळता गाळता एखादा सांगितला की दुसरी म्हणते, "माझा विश्वास नाही हं, पण..." आणि त्या 'पण'च्या मागून रांग लागते! आमच्या भोरच्या ग्रुपमध्ये सगळ्या विश्वास नसलेल्याच आहेत. त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही.

ग्रुप चौघींचा. मी ज्योती, पार्लर चालवते. दुसऱ्या सुनंदाकाकू, ज्यांच्या स्वयंपाकघरात सगळा कारभार चालतो. तिसरी शिल्पा, लग्न होऊन पुण्याहून आलेली, ऑफिसात नोकरी करणारी आणि प्रत्येक गोष्टीला "लॉजिक काय?" विचारणारी. चौथी मंगल, राजगडाखालच्या पालीची सून. नवऱ्याच्या टेम्पोच्या धंद्यामुळं ती भोरला राहते, पण जीव सगळा पालीला.

आम्ही करतो काय? तर क्रीमचं सॅलड! डोहाळेजेवण असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, चौघी जमून पातेलंभर करतो. काकूंचा नियम एकच: "फळ कोरडं, क्रीम गार आणि बाया गप्प!" सफरचंद चिरून लिंबाच्या पाण्यात बुडवायचं, मग सगळी फळं सुती फडक्यावर पसरून टिपून घ्यायची. पाणी राहिलं की क्रीम फाटल्यासारखं दिसतं. अननस डब्यातलाच, ताजा घातला तर सगळं कडू होतं. क्रीम बर्फावर ठेवून घुसळायचं आणि तेव्हा गप्पा मारायच्या नाहीत, कारण लक्ष गेलं की लोणी झालंच म्हणून समजा. द्राक्षं, डाळिंब, चिकू, शेवटी केळी. काजू, बदाम, अक्रोड कोरडे भाजून अगदी वाढायच्या वेळी.

मंगल आमच्यात आली ती हौसेनं नाही. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "मला ह्ये शिकवा. माज्या नणंदंसाठी पायजे."

काकू म्हणाल्या, "अगं मग तिलाही आण की!"

"ती न्हाई आता," मंगल म्हणाली.

नणंदेचं नाव सुशीला. पोटुशी होती तेव्हा भोरला एका लग्नाला आली होती. पंगतीत हे सॅलड होतं, पण बायकांची पाळी येईपर्यंत पातेलं खरवडून झालं होतं. घरी जाऊन आईच्या मागं लागली, "आये, त्ये पांढरं, फळं घातल्यालं, मला पायजे." आई म्हणाली, उद्या नसरापूरला कुणी गेलं की क्रीम मागवू. त्या रात्रीच कळा सुरू झाल्या. जीप वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत बाळ-बाळंतीण दोन्ही गेली.

डोहाळे राहिलेली बाई सुटत नाही, असं तिकडं मानतात. तेव्हापासून आई, म्हणजे मंगलची सासू सोनाबाई, एकच धोशा लावून बसल्या होत्या: मी मरायच्या आत माझ्या लेकीच्या तोंडात ते गोड पडू दे. मंगलला ते करायचं होतं. मला हे ऐकून रडू आलं, आणि पार्लरवालीला रडू आलं की काजळाचं काय होतं ते विचारू नका.

*

मंगलची एक सवय होती. दूध, दही किंवा कुठलाही पांढरा गोड पदार्थ घराबाहेर निघाला, की त्याच्यावर कोळशाचा खडा ठेवायचा. कोळसा नसेल तर लाल मिरची. नाहीतर वाटेत 'कुणीतरी' लागतं. तिच्या माहेरी, सासरी, सगळीकडं हीच रीत. हात आपोआप जायचा तिचा.

शिल्पा म्हणायची, "क्रीमवर कोळसा? अगं हायजीन!"

"फॉइलवर ठिवते की! आत कुठं टाकते?" मंगल म्हणायची.

एकदा आंबवड्याला डोहाळेजेवणाची ऑर्डर होती. पातेलं पोचवलं, वाढलं, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. निघताना तिथल्या विहीणबाई मुद्दाम बाहेर आल्या. "सॅलड झकास हो! आणि तो काळा खजूर तर काय कुरकुरीत! मला एकच आला वाट्याला."

आमचे चेहरे पाहण्यासारखे झाले. आम्ही खजूर घालतच नाही! गाडीत बसल्याबसल्या काकूंनी मंगलला फैलावर घेतलं. "गेला ना कोळसा विहिणीच्या पोटात! आता ती दात दाखवायला आली की तूच जा!"

मंगलनं पिशवीतून चुरगळलेली फॉइल काढली आणि उलगडली. कोळसा आत जसाच्या तसा होता.

"म्या वाढायच्या आधीच काढला व्हता, काकू."

शिल्पानं तो नखानं खरवडून बघितला. कोळसाच!

*

दरवर्षी चैत्रात, सुशीला गेली त्या सुमाराला, मंगल वाडगाभर सॅलड घेऊन पालीला जायची. गावाच्या शिवेवर एक सपाट दगड आहे. त्यावर वाडगा ठेवायचा, पाठ फिरवायची, घरी यायचं, उन्हं कलली की वाडगा आणायला जायचं आणि तिथूनच भोरला परतायचं.

पहिल्या वर्षी परत आली ती रडवेली होऊन. वाडगा जसाच्या तसा. पक्षी नाही, कुत्रं नाही, चैत्रातल्या उन्हात गोडाला साधी मुंगी लागली नाही.

"वास आवडला नसेल मुंग्यांना," शिल्पा म्हणाली. "व्हॅनिला इसेन्स जास्त झाला असेल."

पुढच्या वर्षी इसेन्स घातला नाही. वाडगा तसाच परत. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी स्वतः क्रीम घुसळलं, बोलायचं सोडाच, श्वाससुद्धा बेतानं घेतला. तरी तसाच! मंगलनं या खेपेला वाडगा आमच्या पुढ्यात आणून ठेवला. "बगा तुमीच."

काकू वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी चमच्यानं केळ्याचा एक काप वर काढला. पांढरा स्वच्छ. आत्ता चिरल्यासारखा.

ज्या बाईनं जन्मात एकदा तरी फ्रूट सॅलड केलंय, तिला सांगायला नको. केळं काही तासांत काळं पडतं. चैत्रातलं ऊन तर सोडाच, फ्रिजमध्येही पडतं.

"लिंबू जास्त पडलं असेल," काकू म्हणाल्या. पण तो काप त्यांनी खाल्ला नाही. कुणीच खाल्ला नाही.

पालीहून सोनाबाईंचा फोन यायचा तो त्याच दिवशी संध्याकाळी. एकच प्रश्न असायचा, "खाल्लं का गं तिनं?" मंगल दर वर्षी फोन माझ्या हातात द्यायची, आणि मला त्या म्हातारीशी खोटं बोलता यायचं नाही. मला त्या सॅलडचा राग यायला लागला होता.

*

मग शिल्पाचा किस्सा. हा तिनं आम्हाला ग्रुपवर व्हॉइस मेसेज करून सांगितला, हसत हसत. पण दोनदा ऐकलं की कळतं, हसू जरा उंच पट्टीत आहे.

ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, म्हणून ती क्लिपच्या डब्यात सॅलड घेऊन एकटीच गाडीनं पुण्याला निघाली. मंगलनं कोळसा पुढं केला, तर ही म्हणाली, "माझ्या गाडीत हा प्रकार नको." डबा मागच्या सीटवर ठेवला आणि निघाली.

कापूरहोळला टायर बसला. भर दुपारची वेळ. पंक्चरवाला आला, वाकून टायर बघितला, जॅक उचलला आणि थांबला.

"ताई, मागच्या बाईंना उतराया सांगा. पोटुशा हायेत, जॅकचा धक्का नगं बसाया."

"मागं कोणी नाही हो! डबा आहे," शिल्पा म्हणाली.

त्यानं काचेतून आत बघितलं. मग शिल्पाकडं बघितलं. गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही, या हिशेबानं गप्प बसला. पाण्याची बाटली आणायला गेला, परत आला आणि खुशाल जॅक लावायला बसला.

"आता बरं झालं," तो म्हणाला. "उतरल्या."

शिल्पानं विचारलं, "मग... कुठं गेल्या?"

"वेल्ह्याची एसटी कुठं मिळंल इचारत व्हत्या. म्या म्हणलं, हितं न्हाई, नसरापूरला जावा. चालत निघाल्या. उनाचं कुठं चालत जात्यात, तुमी सोडायला पायजे व्हतं त्यास्नी!"

म्हणजे वरून बोलणीही शिल्पानंच खाल्ली! डबा मात्र बंदच्या बंद होता, चारी क्लिपा लागलेल्या. ऑफिसात सगळ्यांनी खाल्लं, तिनं नाही.

मेसेज संपल्यासंपल्या मंगलनं ग्रुपवर एवढंच विचारलं, "साडी कुठली व्हती?" शिल्पानं उत्तर दिलं, "मी बघितलंच नाही ना कुणाला!"

*

मधे एक गमतीचा. काकूंच्या फ्रिजमधून सॅलड नाहीसं व्हायला लागलं. रोज वाटीभर. काकू घाबरल्या, फ्रिजमधल्या पातेल्यावर त्यांनीच मंगलकडून मागून आणून कोळसा ठेवला. ज्या बाईनं आयुष्यभर "अंधश्रद्धा!" म्हणून नाक मुरडलं, तिनं! तरी चोरी सुरूच. शेवटी एका सकाळी भूत रंगेहाथ सापडलं. काकूंचे यजमान, नाना! साखरेच्या गोळ्या चालू असलेला माणूस, चमचा तोंडात, आणि दुसऱ्या हातात तो कोळसा.

"हे काय वर ठेवलंस? दर वेळी उचलून ठेवावं लागतं," नाना उलट काकूंवरच डाफरले.

आम्ही हसून हसून लोळलो. हे मुद्दाम सांगितलं, कारण नाना कसा माणूस आहे ते कळायला हवं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, नजर स्वच्छ, सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेला. उगाच काहीतरी बघणारा माणूस नव्हे.

*

यंदाच्या चैत्रात आम्ही पुन्हा सुशीलाचं सॅलड केलं. सोनाबाईंनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी मंगलच्या नवऱ्याला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं होतं. मंगल सगळा वेळ गप्प होती, क्रीम घुसळून झाल्यावरसुद्धा.

सॅलड वाडग्यात काढलं, फॉइल लावली, मंगलनं वर कोळसा ठेवला आणि वाडगा बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून आम्ही हात धुवायला आत आलो. नाना तिथंच पेपर वाचत बसले होते.

थोड्या वेळानं नाना आत डोकावले. "अगं, त्या बाहेरच्या बाईंना कुणी पाणी तरी विचारा! कधीच्या उभ्या आहेत."

"कोण बाई?" काकूंनी विचारलं.

"मंगलबरोबरच आल्यात ना? दिवस भरत आल्यासारख्या दिसतात. मी म्हटलं बसा, तर बसेनात. त्या वाडग्याकडं बघत होत्या, म्हणून म्हटलं, घ्या की थोडं. तर म्हणाल्या, घेता येत न्हाई."



"घेता येत नाही म्हणजे?" शिल्पानं विचारलं.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, वर राखण ठिवलीया."

आम्ही चौघी एकदम बाहेर धावलो. दारात कुणी नव्हतं. टेबलावर वाडगा, वाडग्यावर फॉइल आणि फॉइलवर तो काळा खडा.

सगळ्यात आधी बोलली ती शिल्पा. लॉजिकवाली! आवाज अगदी हळू. "मंगल, तू दर वर्षी शिवेवर वाडगा ठेवतेस, तेव्हा फॉइल काढतेस?"

"काढते की."

"आणि कोळसा?"

"त्यो काठावर ठिवते. गोड हाय ना. काय लागू ने म्हणून..."

बोलता बोलता मंगलचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं, जिच्यासाठी नेतेस, तिलाच अडवतेस की तू!" शिल्पा म्हणाली.

मंगल होती तिथंच फरशीवर बसली. "म्या माज्या हातानं उपाशी ठिवली तिला! इतकी वर्सं! दारात येऊन उबी ऱ्हायली आसंल, आन् म्या..." काकूंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. मीही रडले. शिल्पा खिडकीकडं तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

रीत म्हणून केलेली गोष्ट. कुणी विचारच केला नव्हता. मंगलनं नाही, सोनाबाईंनी नाही, आम्ही तर नाहीच.

*

दुसऱ्या दिवशी ताजं सॅलड करून आम्ही चौघी पालीला गेलो. कोळसा नेला नाही. शिल्पा गाडी चालवत होती आणि तिनं आरसा वर फिरवून ठेवला होता. मागं मी आणि मंगल बसलो होतो, मधे वाडगा. आम्ही दोघी न ठरवता दाराला चिकटून बसलो होतो, मधे बरीच जागा सोडून. मार्गासनीच्या पुढं काकू पुढच्या सीटवरून, मागं न बघता म्हणाल्या, "नीट बसलात ना सगळ्या?" सगळ्या म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही.

सोनाबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, सुनेला बोलतील. त्या खाटेवरून उठून बसल्या. "मला शिवेवर न्या."

"आत्या, ऊन हाय लई," मंगल म्हणाली.

"लेकीला पान वाडायला मी खाटंवरून सांगू व्हय? न्या मला."

मंगलच्या नवऱ्याचा टेम्पो आला होता, त्यात गादी टाकून त्यांना नेलं. वाटेत गडावर निघालेल्या ट्रेकिंगच्या पोरांनी हात केला, "मावशी, आइस्क्रीम आहे का?" काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं की पोरं मागं वळून न बघता पुढं गेली.

शिवेवरच्या दगडावर मंगलनं वाडगा ठेवला. फॉइल काढली. वर काजू-बदाम-अक्रोड घातले, चमचा ठेवला. मग तिचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडं गेला आणि तिथंच थांबला. पिशवी रिकामी होती.

सोनाबाई म्हणाल्या, "नाव घेऊन द्या. बोलावल्याबिगर हात लावनार न्हाई ती. तशी पोर न्हाई माजी." मग स्वतःच, थकलेल्या पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सुशे, ये. तुजं हाय. खा."

आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. माझ्या एका हातात काकूंचा हात होता, एका हातात शिल्पाचा. कुणाचा घामेजला होता सांगता येणार नाही, बहुतेक तिघींचेही. वारा पडला होता. समोर टेम्पो, त्याच्यापलीकडं गड, आणि आमच्या मागं तो दगड.

बराच वेळ काही नाही. मंगलचा हुंदका आलाच होता ओठावर.

आणि मग चमचा वाजला. स्टीलच्या वाडग्यावर, टक्. मग पुन्हा.

काकूंची नखं माझ्या तळहातात रुतली. सोनाबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "सावकाश खा गं," त्या म्हणाल्या. "कुनी न्हाई नेत."

चमच्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. कधी सावकाश, कधी भराभर. मग तळ खरवडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. कुठंतरी टिटवी ओरडली. सोनाबाईंनी मान हलवली, तसे आम्ही वळलो.

वाडगा लख्ख होता, चाटल्यासारखा. चमचा आत आडवा. आणि वाडग्याशेजारी दगडावर अक्रोड ठेवलेले. सगळेच्या सगळे. क्रीम चोखून काढलेलं, एकेक बाजूला काढून ओळीनं मांडलेले.

"माकड असेल," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

"माकड अक्रोड ठेवत नाही, ज्योती," शिल्पा म्हणाली.

मंगल दगडापाशी गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा पडला. "आत्या, वन्संना आवडलं न्हाई व्हय? आक्रोड तेवडं टाकलं बगा."

सोनाबाई टेम्पोच्या फळीला धरून पुढं आल्या. त्या ओळीकडं त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. मग त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"सुशी पानात कायबी टाकायची न्हाई," त्या म्हणाल्या. "पुडच्या बारीला आक्रोड नगं घालू, मंगल. तिच्या लेकराला आवडत न्हाईत."